एफडी मोडून मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करावं का?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सातपूरला कंपनीत फिटर, वय 54, निवृत्तीला चार वर्षं, हाताशी 9 लाखांची एफडी. मुलीला सीईटीत पर्सेंटाइल कमी पडले, म्हणून ती एफडी मोडून पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला घालायचं, चार वर्षांची फी 9 लाख. नाहीतर नाशिकमध्येच बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, सिडकोतल्या घरून ये-जा, तीन वर्षांची फी दीड लाख. माझं ऐकाल तर एफडीला हात लावू नका, नाशिकला घाला.

तुमच्या वहीच्या पानावर हॉस्टेल-मेसपुढे ‘नंतर बघू’ लिहिलंय, तिथेच मी थबकलो. महिना 10 हजार धरा. वर्षाचे दहा महिने, चार वर्षं, म्हणजे 4 लाख. खर्च 13 लाखांवर गेला. आणि तीच एफडी 7 टक्क्यांनी वर्षाला 63 हजार व्याज देते. पगार थांबला की महिन्याचे हे सव्वापाच हजार घरात लागणार आहेत.

बीएस्सीला सुरुवातीचा पगार इंजिनीअरपेक्षा कमी असतो, हे खरं. पण डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम दोन्हीकडे शिकवतात, आणि विप्रोसारखी कंपनी बीएस्सी-बीसीएची मुलं घेऊन नोकरीतच त्यांचं एमटेक करून देते. गल्लीतल्या किराणावाल्याची उधारी तुमच्या मुलीने आपणहून एक्सेलमध्ये बसवून दिली, असं तुम्ही सहज लिहून गेलात. मला त्या पर्सेंटाइलपेक्षा हे मोठं वाटतं.

पुढे एमसीएची, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या पदव्युत्तर पदवीची, सीईटी देऊन तिने कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, जागा घ्यावी. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधूनच मिळते, मॅनेजमेंट कोट्याला नाही. 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. राहण्याखाण्याला कमी पडलं तर 4 लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळतं. शिकतानाचं व्याज तुम्ही भरत राहिलात, तर 10 टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता साधारण 6,640 रुपये बसेल. तो तिने तिच्या पगारातून फेडावा.

यंदाच्या एफडीच्या व्याजातून तिला 16 जीबी रॅमचा लॅपटॉप घेऊन द्या. एमसीएच्या वर्षी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मात्र सेतूत आधीच अर्ज टाका, प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांगा लागतात.