कंट्रोलचे आकडे

चि. पोरी,

परवा आयर्विन पुलावर तू म्हणालीस, "सर, कंट्रोलमध्येच पेशी मरतायत. ते आकडे गाळले की आलेख नीट येतो." मी गप्प राहिलो, पण रात्री झोप लागेना.

ते आकडे गाळू नकोस. कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी, काहीच न करता ठेवलेला गट.

1970 नंतरच्या त्या वर्षांत नेमकं हेच घडत होतं. गाठीची ओळख करून दिलेल्या उंदरांच्या पेशी कर्कपेशी मारतात का, हे बघायचं होतं. तर काहीच न टोचलेल्या उंदरांच्या पेशीही मारू लागल्या! पुष्कळांना तो प्रयोगातला दोष वाटला. स्टॉकहोमचे रोल्फ किसलिंग आणि अमेरिकेतले रोनाल्ड हर्बरमन मात्र तिथेच थांबले. 1975 मध्ये त्यातून नॅचरल किलर पेशी, म्हणजे आधी ओळख नसतानाही मारणारी पेशी, पुढे आली. कंट्रोलमधून आली, हे विसरू नकोस.

पुढे 1986 मध्ये क्लास केरे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ही पेशी 'आपलेपणाची' खूण चाचपते. ओळख पटवून मारणाऱ्या टी पेशीला चुकवायला कर्कपेशी किंवा विषाणूग्रस्त पेशी आपल्या अंगावरची ही खूण, म्हणजे एमएचसी वर्ग एक, लपवते, आणि नेमकी इथे सापडते. मग किलर पेशीतलं परफोरिन हे प्रथिन तिच्या पडद्याला भोकं पाडतं, ग्रॅन्झाइम हे दुसरं प्रथिन आत शिरतं आणि पेशी स्वतःलाच संपवते. किती देखणं काम आहे हे!

मी 1984 मध्ये आकडे गाळले होते. किरणोत्सारी क्रोमियम भरलेल्या कर्कपेशी (पेशी मेली की ते बाहेर पडतं), चार तासांचा प्रयोग, आणि एका धडधाकट रक्तदात्याच्या पेशी इतरांच्या दुपटीनं मारत होत्या. शिष्यवृत्तीचे चार महिने उरलेले, वडील इकडे अंथरुणावर, वरिष्ठांची घाई. माझ्या जागी दुसरं कुणी काय करणार होतं? चाळीस वर्षं मी हेच म्हणत आलोय. त्या माणसाच्या रक्तात काय होतं, ते आता कधीच कळणार नाही.

गाईड रागावतील म्हणतेस. रागावू देत! कदाचित तुझ्या पेशींना मायकोप्लाझ्मा, म्हणजे अगदी बारीक जिवाणू, लागला असेल. तसं असेल तर तेही वहीत लिही. पण आधी तपास, आणि गाळू नकोस.

रविवारी सांगलीला आलीस की वही घेऊन ये. कोरी प्रत नको, खाडाखोडीची मूळ वही. पेशी वाढवायच्या सीरमची बाटली कधी उघडली, त्याची तारीखही आण. जेवायला इथेच थांब.

तुझा,
सर