वाचकांचे प्रश्न : वेग भरपूर, तरी कॉल तुटतात

प्रश्न : आमच्या कार्यालयात पंचवीस जण काम करतात आणि सर्व फोन इंटरनेटवरूनच चालतात. लाइनचा वेग डाउनलोडला १०० आणि अपलोडला १० एमबीपीएस आहे. तरीही दिवसातून अनेकदा समोरच्याला आमचा आवाज तुटक ऐकू येतो. त्यांचा आवाज मात्र आम्हांला स्वच्छ येतो. अधिक वेगाची योजना घ्यावी का?

उत्तर : इतक्यात घेऊ नका. जी.७११ या नेहमीच्या पद्धतीत आवाजाचे दर सेकंदाला ६४ किलोबिट होतात. ते २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटांतून पाठवले जातात, आणि प्रत्येक पॅकेटाला जोडलेली पत्त्यांची माहिती धरली तर एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ किलोबिट लागतात. एकाच वेळी दहा कॉल चालू असले, तरी तुमच्या अपलोडचा दहावा हिस्साही खर्च होत नाही. म्हणजे अडचण जागेची नसून रांगेची आहे.

कोणाच्या संगणकावरून मोठी फाइल किंवा बॅकअप बाहेर जाऊ लागला, की अपलोडची लाइन पूर्ण भरते आणि उरलेली पॅकेटे मोडेमच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठत जातात. तो बफर एक मेगाबाइटचा असेल, तर १० एमबीपीएसने तो रिकामा व्हायला सुमारे ०.८ सेकंद लागतो, आणि आवाजाचे पॅकेट त्या रांगेत सर्वांच्या मागे उभे राहते. संभाषण सहज वाटावे यासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. शिवाय हा विलंब सतत कमी-जास्त होत राहिला, तर उशिरा पोहोचलेली पॅकेटे समोरचा फोन टाकूनच देतो. तुटक आवाज येतो तो त्यामुळे. बिघाड फक्त बाहेर जाणाऱ्या आवाजात आहे हे तुमचे निरीक्षण फार मोलाचे आहे, कारण ते थेट अपलोडकडे बोट दाखवते.

खात्री करून घेण्यासाठी केबलने जोडलेल्या संगणकावरून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो हे मोजणारी चाचणी) सुरू ठेवा आणि त्याच वेळी दुसऱ्या संगणकावरून मोठी फाइल अपलोड करा. एरवी काही दहा मिलिसेकंदांत येणारे उत्तर शेकडो मिलिसेकंदांवर गेले, तर निदान पक्के झाले.

उपाय राउटरमध्ये आहे. एफक्यू-कोडेल किंवा केक या रांग-व्यवस्थेची सोय असलेला राउटर घ्या आणि त्यात अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर, म्हणजे साधारण ९ एमबीपीएसवर ठेवा. हा आकडा जाहिरातीतल्या वेगावरून काढू नये. कॉलना अग्रक्रम देऊनही फरक पडला नाही, अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते, तिचे कारण बहुधा हीच राहून गेलेली मर्यादा असते : वेगाला आवर राउटरने नव्हे तर मोडेमने घातला, की रांग मोडेमात तयार होते आणि तिथे राउटरचा अग्रक्रम कोणी विचारत नाही. एक दशांश वेग सोडून देणे जिवावर येते, हे मी समजू शकतो. पण त्या बदल्यात रांग तुमच्या ताब्यात येते. यानंतर आवाजाच्या पॅकेटांना डीएससीपी ४६ ही अग्रक्रमाची खूण द्या. कार्यालयाबाहेर ती पाळली जाईलच असे नाही, परंतु तुमच्या राउटरला तिचा उपयोग होतो.

फोनसाठी वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच नेटवर्कातला स्वतंत्र विभाग, केल्याने व्यवस्था नीटनेटकी राहते, मात्र केवळ त्यामुळे आवाज सुधारत नाही. टेबलावरचे फोन शक्यतो वाय-फायवर न ठेवता केबलनेच जोडावेत.

प्रश्न : आमचे काही कॉल उचलल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात आपोआप बंद पडतात, तर काहींमध्ये एकाच बाजूचा आवाज ऐकू येतो. हाही वेगाचाच दोष आहे का?

उत्तर : नाही. ३२ सेकंदांच्या आसपास कॉल तुटणे ही जवळजवळ ठरलेली खूण आहे. कॉल उचलल्याचा निरोप पाठवल्यावर फोन त्याच्या पोचपावतीची वाट पाहतो; एसआयपी या कॉल जोडण्याच्या पद्धतीच्या नियमांनुसार ही मुदत ३२ सेकंदांची असते आणि तोवर पोच आली नाही, तर बहुतेक यंत्रणा कॉल संपवतात. निरोपात कार्यालयातला, बाहेरून न पोहोचता येणारा खासगी आयपी पत्ता लिहिला गेला, की पोच चुकीच्या ठिकाणी जाते आणि त्याच कारणाने आवाजही एका बाजूला पोहोचत नाही. पुष्कळ राउटरांत असे पत्ते दुरुस्त करण्यासाठी एसआयपी एएलजी नावाची सोय असते, पण तीच ते बिघडवून ठेवते असा अनुभव वारंवार येतो. म्हणून सर्वांत आधी ती बंद करा आणि सर्व फोन पुन्हा सुरू करा.

एवढ्याने भागले नाही, तर तुमच्या कॉल-सेवेच्या तंत्रज्ञांकडून फोनमधील नॅटविषयक (खासगी पत्त्याचे बाहेरच्या पत्त्यात रूपांतर करण्याविषयीची) मांडणी तपासून घ्या. दोष जावा म्हणून ५०६० हे एसआयपीचे पोर्ट (राउटरमधले प्रवेशद्वार) सगळ्या इंटरनेटसाठी उघडू नका. अशी पोर्टे शोधणारे कार्यक्रम अखंड चालू असतात आणि त्यांना दुबळा पासवर्ड सापडला, तर तुमच्या खात्यावरून महागडे परदेशी कॉल होऊ लागतात. उघडणे भागच असेल, तर केवळ सेवादात्याच्या पत्त्यांपुरते उघडा.