वाचकांचे प्रश्न : एल्सबर्ग आणि पेंटॅगॉन पेपर्स

प्रश्न : डॅनिअल एल्सबर्ग यांच्यावरचा ‘द मोस्ट डेंजरस मॅन इन अमेरिका’ (२००९) हा माहितीपट पाहिला. व्हिएतनाम युद्धावरचा अमेरिकी संरक्षण खात्याचा सात हजार पानी गुप्त अहवाल, म्हणजेच ‘पेंटॅगॉन पेपर्स’, एका माणसाने बाहेर नेला तरी कसा?

उत्तर : थोडा थोडा करून. अहवाल ४७ खंडांचा होता. त्याची प्रत सांता मोनिकातल्या रँड या संशोधन संस्थेत होती, आणि तिथे काम करणाऱ्या एल्सबर्ग यांना ती आपल्या तिजोरीत ठेवायची मुभा होती. १ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री काही भाग ब्रीफकेसमध्ये घालून ते निघाले. दारावरच्या पहारेकऱ्यांनी बॅग उघडायला लावली नाही. मित्र अँथनी रुसो यांच्या ओळखीने एका जाहिरात कंपनीचं झेरॉक्स मशीन रात्रीपुरतं मिळालं होतं. एकेक पान काचेवर ठेवायचं, प्रत काढायची, उचलायचं. सकाळी मूळ कागद पुन्हा तिजोरीत. यात महिने गेले.

खरी अडचण शिक्क्यांची. पानापानावर वर-खाली ‘टॉप सीक्रेट’ छापलेलं, त्यामुळे जादा प्रती बाहेरच्या दुकानातून काढून घेणं अशक्य. म्हणून ते शिक्के कापून टाकले. १३ वर्षांचा मुलगा मशीनवर आणि १० वर्षांची मुलगी हातात कात्री घेऊन, असं ते काम चाललं. वाटाघाटींविषयीचे चार खंड मात्र एल्सबर्ग यांनी वृत्तपत्रांना दिले नाहीत. शांतता-चर्चेला धक्का लागू नये, ही त्यांची भूमिका होती. सरसकट सगळं उधळून देणारा माणूस, ही त्यांची प्रतिमा म्हणूनच चुकीची आहे.

प्रश्न : सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं ना?

उत्तर : नाही. इथे दोन खटल्यांची गल्लत होते. एल्सबर्ग यांनी दिलेला अहवाल वृत्तपत्रांनी छापू नये म्हणून सरकार कोर्टात गेलं होतं. त्यातला सर्वोच्च न्यायालयाचा ३० जून १९७१ चा ६ विरुद्ध ३ निकाल वृत्तपत्रांच्या बाजूचा होता : छपाईआधीच बंदी घालण्याइतकं सबळ कारण सरकारने दिलेलं नाही, एवढाच. एल्सबर्ग यांच्यावरचा खटला लॉस एंजेलिसमध्ये वेगळा चालला, त्यात ११५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. तो ११ मे १९७३ रोजी न्यायाधीश बर्न यांनी रद्द केला, कारण व्हाइट हाउसच्या माणसांनी एल्सबर्ग यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचं ऑफिस फोडलं होतं आणि फोन चोरून ऐकल्याच्या नोंदी सरकारला सापडत नव्हत्या. गुप्त कागद फोडणं गुन्हा ठरतो की नाही, यावर ज्यूरीचा कौल आलाच नाही. गुप्त माहिती उघड करणाऱ्या पुढच्या अनेक जागल्यांना हे अनुत्तरित राहणं महागात पडलं आहे.

प्रश्न : भारतात या निकालाचा काही उपयोग?

उत्तर : झाला आहे. राफेल विमानखरेदी प्रकरणातल्या फेरविचार याचिकांमध्ये फुटलेली कागदपत्रं पुरावा म्हणून पाहू नयेत, हा केंद्राचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ रोजी फेटाळला, तेव्हा १९७१ च्या याच निकालाचा आधार घेतला होता. त्या याचिका पुढे नोव्हेंबरमध्ये फेटाळल्या गेल्या, ते वेगळ्या मुद्द्यांवर.