कॉइल गुंडाळण्याआधी एवढं वाचा

वायरलेस चार्जिंग शिकायचं म्हणून एकदम गाडीच्या ताकदीचं काही बांधायला घेऊ नका. इलेक्ट्रिक गाड्यांच्या वायरलेस चार्जिंगसाठीच्या एसएई जे2954 या मानकात 3.7 ते 11 किलोवॅटचे वर्ग आहेत आणि वारंवारता 85 किलोहर्ट्झच्या आसपास. वारंवारता तीच ठेवा, पण 24 व्होल्टवर पन्नासेक वॅटचा नमुना आधी टेबलावर चालवा.

तार लिट्झच घ्या, म्हणजे वेगवेगळं इन्सुलेशन असलेल्या अनेक बारीक तारा एकत्र वळलेली. 85 किलोहर्ट्झला तांब्यात प्रवाह जेमतेम 0.23 मिलिमीटर खोलवर वाहतो, त्यामुळे जाड एकेरी तार नुसतीच तापते.

खरी मेख कपॅसिटरमध्ये आहे. दोन कॉइलमध्ये हातभर नसलं तरी 10-20 सेंटिमीटर अंतर असतं, म्हणून बरंचसं चुंबकीय क्षेत्र दुसऱ्या कॉइलपर्यंत पोचतच नाही. ती कसर रेझोनन्स, म्हणजे कॉइल आणि कपॅसिटरचा ठरावीक वारंवारतेला जुळणारा मेळ, भरून काढतो. मात्र त्यात 24 व्होल्टच्या पुरवठ्यावरही कपॅसिटरवर शेकडो व्होल्ट चढू शकतात. चांगले पॉलिप्रॉपिलीनचे फिल्म कपॅसिटर वापरा, आणि चालू असताना हात लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन्हीकडे सिरीज कपॅसिटर (कॉइलच्या पाठोपाठ एकाच ओळीत जोडलेले) असतील, तर चालू असताना वरची, म्हणजे वीज घेणारी, कॉइल उचलू नका! भार काढला की प्रवाह कमी होईल असं वाटतं. इथे उलट होतं, खालच्या कॉइलमधला प्रवाह उसळतो आणि मॉस्फेट (प्रवाह भराभर चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) जळतात. करंट लिमिट असलेला पुरवठा घ्याच.

अंगठी, घड्याळ काढून ठेवा. पेसमेकर असलेल्या माणसाला जवळ येऊ देऊ नका.