तासाभरात कान शिणवणारे स्पीकर

प्रश्न : माझ्या बुकशेल्फ स्पीकरवर सुरुवातीला गाणं फार स्पष्ट वाटतं, पण तासाभरात कान शिणतात आणि आवाज कमी करावासा वाटतो. खोलीत गुळगुळीत फरशी आणि मोठी काचेची खिडकी आहे. आता ‘वॉर्म’ (उबदार, मऊ) आवाजाचे स्पीकर घ्यायचे आहेत. काय पाहून निवडावेत?

उत्तर : नवीन स्पीकरकडे वळण्याआधी खोली तपासा. ऐकायला बसता तिथे एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागून ‘टर्रर्र’ अशी शेपटी ऐकू आली, तर समोरासमोरच्या कडक पृष्ठभागांमध्ये आवाज येरझाऱ्या घालतोय. अशा खोलीत कोणताही स्पीकर कर्कश वाटेल. तुम्ही जागेवर बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथे पुस्तकांचं कपाट किंवा चुण्यांचा जाड पडदा हवा. स्पीकर आणि तुमच्यामधल्या फरशीवर जाड गालिचा अंथरा. पातळ कापडावर भागवू नका. ते फक्त अगदी वरचे स्वर शोषतं आणि त्रास देणारा मधला भाग तसाच राहतो.

तो मधला भाग म्हणजे साधारण 2 ते 5 किलोहर्ट्झ. कानाच्या नळीच्या अनुनादामुळे आपलं ऐकणं इथेच सर्वांत तीक्ष्ण असतं. या पट्ट्यात दोन-तीन डेसिबलचा उंचवटा असला की पहिल्या दहा मिनिटांत ‘किती बारकावे ऐकू येतात!’ असं वाटतं, आणि नंतर तोच उंचवटा बोचायला लागतो. दुकानात झटपट पसंत पडलेला स्पीकर घरी नकोसा होतो, तो बहुतेक वेळा यामुळेच.

कोणता स्वर किती जोरात वाजतो ते दाखवणारा आलेख स्पीकरच्या समोरून मोजला, तर हा उंचवटा अनेकदा त्यात दिसत नाही. उदाहरणार्थ, साडेसहा इंची वूफर (खालचे आणि मधले स्वर वाजवणारा मोठा भाग) आणि एक इंची ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) अशी जोडी बघा. 3 किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे 11 सेंटिमीटर, म्हणजे वूफरच्या शंकूपेक्षाही कमी. त्यामुळे तिथवर येताना वूफर टॉर्चच्या झोतासारखा फक्त समोर आवाज फेकतो. क्रॉसओव्हरनंतर (जिथे वूफरकडून काम ट्वीटरकडे जातं ती वारंवारता) ट्वीटर सुरू झाला की तोच आवाज एकदम चहूकडे पसरतो. समोर सगळं सपाट, पण भिंतींवरून येणाऱ्या आवाजात नेमका नाजूक पट्टा फुगलेला! म्हणून बाजूने, 30 आणि 60 अंशांवरून मोजलेले आलेख आवर्जून बघा. रेषा खड्डे-टेकाडं न घेता हळूहळू उतरत गेली पाहिजे. क्रॉसओव्हर 2 किलोहर्ट्झच्या आसपास असणं किंवा ट्वीटरभोवती उथळ कर्णा (वेव्हगाइड) असणं हे चांगलं लक्षण.

ट्वीटरचा रेशमी घुमट म्हणजे मऊ आणि धातूचा म्हणजे कर्कश, हा समज सोडून द्या. चांगल्या एक इंची धातूच्या घुमटाचा अनुनाद 20 किलोहर्ट्झच्या पलीकडे असतो. खरी काळजी कडक शंकूच्या वूफरची करावी. त्याचा अनुनाद अनेकदा ऐकू येणाऱ्या पट्ट्यात असतो आणि क्रॉसओव्हरने तो नीट दाबलेला नसेल तर आवाजाला पत्र्यासारखी धार येते.

दुसरा सापळा खोट्या उबेचा. 100 ते 200 हर्ट्झ फुगवलेले स्पीकर पाच मिनिटं भरदार वाटतात. मग निवेदकाचा आवाज पिंपातून आल्यासारखा घुमतो आणि बेस गिटारचे सगळे स्वर एकसारखे वाजतात. त्यामुळे चाचणीला आधी बोलणं ऐका, मग स्त्रीचा आवाज (‘स’, ‘श’ टोचतात का?), मग व्हायोलिन. दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी मोबाइलवरच्या मीटरने समान करा. एका डेसिबलने मोठी वाजणारी जोडीही उगाच सरस वाटते. आणि रोजच्या पातळीवर सलग पाऊण तास ऐकल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

प्रश्न : स्पीकर तेच ठेवून व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प्लिफायर घेतला तर काम भागेल?

उत्तर : खात्री देता येत नाही. बऱ्याच व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स (विद्युत अडथळा) जास्त असतो, त्यामुळे स्पीकरचा इम्पिडन्स जिथे वाढतो तिथे आवाजही वाढतो. एका स्पीकरवर ऊब येईल, दुसऱ्यावर नेमका बोचरा पट्टाच उचलला जाईल. त्यापेक्षा इक्वलायझर (ठरावीक पट्ट्याचा आवाज कमी-जास्त करणारी सोय) वापरा : 3 किलोहर्ट्झला, क्यू (पट्ट्याची रुंदी ठरवणारा आकडा) 1 ठेवून, 2 डेसिबल कमी करा आणि आठवडाभर तसंच ऐका. ‘स’ टोचत असेल तर स्पीकर तुमच्याकडे न वळवता सरळ समोर ठेवा. कान अक्षाच्या बाजूला गेला की सर्वांत वरचे स्वर काही डेसिबलनी उतरतात.

फक्त मोठ्या आवाजातच त्रास होत असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरची ताकद अपुरी पडत असेल. सरासरी आवाजाला एखादा वॅट पुरतो, पण ठोका त्याहून 20 डेसिबल वर गेला की 100 वॅट लागतात. तेवढे नसतील तर लहरीचा माथा कापला जातो आणि त्यातून मूळ गाण्यात नसलेले कर्कश स्वर तयार होतात.