कच्च्या वहीतलं इंग्रजी

प्रिय नव्या बाई,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शिक्षणसेवक म्हणून लागून चार महिने, दोनशिक्षकी शाळा, तिसरी-चौथी एकाच खोलीत, आणि पोरं फळ्यावरचं इंग्रजी सुरेख उतरवतात पण वाच म्हटलं की गप्प बसतात. ‘आधी वाचन पक्कं करून घेऊ की लेखन?’ असं विचारलंस. दोन्ही एकाच दिवशी घे, आणि एकाच शब्दावर घे.

मला हे कळायला फार वर्षं लागली. 2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा माझं स्वतःचं इंग्रजी पाचवीपासूनचं, तेही पाठांतराचं. मग मला जसं शिकवलं तसंच मी शिकवलं. आधी ए ते झेड, मग शब्द, मग वाक्यं, आणि लेखन म्हणजे कित्ता. तिसरीतल्या एका मुलाची वही मी सगळ्यांना दाखवत असे, इतकं वळणदार अक्षर. एकदा त्याच्या वहीतल्या ‘द काऊ इज अ डोमेस्टिक ॲनिमल’मधल्या ‘काऊ’वर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय? त्याने अख्खं वाक्य घडाघडा म्हटलं. बोट जिथल्या तिथे. फळा पुसून म्हटलं, आता नुसतं ‘काऊ’ लिही. पोरगं माझ्या तोंडाकडे बघत राहिलं. तो इतके दिवस चित्रं काढत होता.

आपल्या पोरांची अडचण नीट समजून घे. मराठीत ‘क’ कुठेही दिसला तरी ‘क’च. इंग्रजीत अक्षरं 26 आणि आवाज चव्वेचाळीसच्या घरात, म्हणजे एकाच अक्षराने अनेक घरची कामं करायची. त्यात अक्षराचं नाव वेगळं, आवाज वेगळा. ‘बी-ए-टी’ म्हणून ‘बॅट’ कसं होतं, हे पोराने कुठून ओळखावं? म्हणून नावं थोडी मागे राहू देत, आवाज आधी घे. तेही ए-बी-सीच्या क्रमाने नको. एस, ए, टी, आय, पी, एन ही सहा अक्षरं घेतलीस की पहिल्याच आठवड्यात पिन, टिन, सिट, टॅप तयार होतात. ‘पिन’ म्हण, तीन बोटं उघडायला लाव, एकेका बोटावर एकेक आवाज, आणि लगेच पाटीवर तीन अक्षरं. मग ती पाटी शेजारच्याने वाचायची. लिहिताना पोराला आवाज सुटा करावाच लागतो, वाचताना तो जोडावा लागतो. शिवण घालायला शिकायचं तर उसवायलाही यावं लागतं, तसं हे आहे. एक सांभाळ. आपली पोरं ‘प’ म्हणताना मागे ‘अ’ ओढतात, मग ‘पअ-इ-नअ’ची काही केल्या ‘पिन’ होत नाही. पाय मोडून म्हणायला लाव, प्, न्.

ॲ आणि ऑ मात्र आपल्याला फुकट मिळालेत. बॅट, कॅच, बॉल, डॉक्टर पोरं मराठीत लिहितातच, त्याचा फायदा उठव.

बी आणि डीचा घोळ सगळीकडे असतो. आपल्या लिपीत अक्षर उलटं तोंड करून बसलं म्हणून दुसरं होत नाही, त्यामुळे पोरांना त्यात काही फरक वाटत नाही. डोळ्यांना समजावून उपयोग नाही, हाताला समजाव. बी काढताना आधी बॅट, मग चेंडू. डी काढताना आधी डबा, मग दांडी. अंगणातल्या धुळीत मोठं मोठं काढू दे. हाताला कळलं की वाचतानाचा घोळही कमी होतो. चाररेघी वहीतही तेच. मराठी अक्षरं वरच्या रेघेला वाळत घातल्यासारखी लटकतात, इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर उभी राहतात, हे एकदा फळ्यावर दाखवून टाक. जोडून लिहायची घाई अजिबात नको, मग कुणी काही म्हणो.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येकाला एक कच्ची वही दे. पक्की वही शाळा तपासायला येणाऱ्या केंद्रप्रमुखांसाठी राहू दे, नोकरी आहे आपली. कच्च्या वहीत पोराने स्वतःच्या मनातलं, येईल तसं लिहायचं. पहिला शब्द त्याचं स्वतःचं नाव. घरच्या मोबाईलमध्ये ते इंग्रजीत लिहिलेलं असतंच. नावातून पोरांना कळतं की ‘श’ला एस-एच अशी दोन अक्षरं लागतात, ‘ध’ला डी-एच. पुस्तकातला धडा इतकं सहज शिकवत नाही.

एका मुलीने कोंबडीबद्दल लिहून आणलं. तिला म्हणायचं होतं, ‘माय हेन गिव्ह एग’. ‘गिव्ह’ लिहिलं होतं जी-आय-व्ही, आणि ‘एग’ ई-जी. माझा हात लाल पेनाकडे गेला होता. मग मी तेच शब्द तोंडाने म्हणून पाहिले. पोरीने ऐकू आलेला एकेक आवाज बरोबर पकडला होता. ‘गिव्ह’मधला शेवटचा ई आणि ‘एग’मधला दुसरा जी यांना आवाजच नाही, मग ते तिने कुठून आणावेत? मी पेन खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिचंच वाक्य फळ्यावर नीट लिहिलं, ‘माय हेन गिव्ह्ज एग्ज’, आणि म्हटलं, हे हिचं वाक्य, वाचा. सगळ्यांनी वाचलं. मग एकाने हेन पुसून काऊ केलं, एग्ज पुसून मिल्क. शेळीवाल्याने गोट आणलं. त्या दिवशीचा धडा पोरांनीच लिहिला आणि त्यांनीच वाचला.

स्पेलिंग कधी सुधारायचं, असं तू विचारशीलच. एका वेळी एकच गोष्ट, आणि वर्गात वाचून झालेल्या शब्दातलीच. एका मुलाने ‘स्टँड’च्या आधी आय लावला होता, कारण त्याच्या घरी सगळे ‘इष्टँड’ म्हणतात. त्याची चूक कानाची, म्हणून आधी चार वेळा म्हणून घेतलं, वहीला हात लावला नाही. व्ही आणि डब्ल्यू तर आपल्याकडे दोन्ही ‘व’च, तिथे तू स्वतःही अडखळशील. मी अजून अडखळते.

दोन वर्ग एका खोलीत म्हणून रडू नकोस. चौथी कच्च्या वहीत लिहीत असली की तिसरीला घेऊन फळ्यापाशी वाचायला बस, मग अदलाबदल. शनिवारी चौथीने लिहिलेलं तिसरीने वाचायचं. अक्षर लागत नसेल तर लिहिणाऱ्यालाच उठून सांगावं लागतं, आणि पुढच्या वेळी तो आपोआप नीट लिहितो.

दिवाळीच्या सुट्टीआधी तीन-चार कच्च्या वह्यांतल्या पानांचे फोटो काढून पाठव. पाठवण्याआधी दुरुस्त करू नकोस. आणि बिस्किटांच्या पुड्यांची वेष्टनं जमवायला लाव पोरांना, त्यांचं काय करायचं ते पुढच्या पत्रात लिहिते.

तुझी,
बाई