गॅस दाबून ठेवायचा की गार करून? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात टाकी, प्रेशर, गार गॅस याच विषयावर पत्रं आली म्हणून सगळी एकत्रच घेतोय. स्कूटरच्या बॅटरीवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत जरा दम धरा.

प्रश्न : माझी सीएनजी रिक्षा आहे. भर दुपारी लाईनीत ताटकळून टाकी भरली, काटा २०० ला टेकला, पंपवाला म्हणाला झालं. स्टँडवर येऊन तासभर उभा राहिलो तर काटा खाली! एक भाडंसुद्धा मारलं नव्हतं. आणि पहाटे भरली की त्याच टाकीत जास्त गॅस बसतो. पंपवाले मारतात का?
— एक रिक्षावाले, पिंपरी

उत्तर : दादा, यात पंपवाला नाही मारत, ऊन मारतंय. सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंप खालून कसा चटका देतो, तसंच तुमच्या टाकीत होतं, मागून येणारा गॅस आधीच्या गॅसला दाबतो आणि सगळाच तापतो. पंपाला फक्त प्रेशर कळतं, २०० बार झाले की तो कट मारतो, पण गरम गॅस कमी वजनातच २०० बार दाखवतो. मग तुम्ही स्टँडवर उभे राहिलात, टाकी गार झाली, प्रेशर उतरलं. आत पन्नास डिग्रीला २०० बार भरले असतील तर तीस डिग्रीला येईपर्यंत काटा १८५ च्या आसपास येणारच, गॅस कुठेही गेलेला नसतो. पहाटे टाकीही गार, हवाही गार, म्हणून जास्त किलो बसतात.

पैशाचं म्हणाल तर सीएनजी किलोवर विकतात, आणि पंपातलं मीटर वजनच मोजतं, प्रेशर नाही. म्हणजे कमी बसला तर बिलही कमी. नुकसान होतं ते पुन्हा लाईनीत उभं राहण्याचं, आणि ते काही छोटं नाही हे मान्य.

आता दुसरी गोष्ट, जी पंपावर कुणी सांगत नाही. सगळे पंप पाईपलाईनवर नसतात. जिथे लाईन पोचलेली नाही तिथे ट्रकवर सिलिंडरांचा गठ्ठा लादून गॅस येतो, त्याला कॅस्केड म्हणतात, आणि असा पंप म्हणजे डॉटर स्टेशन. कॅस्केड नवीन आलं की धडाधड भरतं, मग एकेक गाडी भरत जाते तसं कॅस्केडचंच प्रेशर उतरतं आणि शेवटी तुमची टाकी आणि त्यांचा सिलिंडर सारख्याच प्रेशरला येऊन थांबतात. बूस्टर कॉम्प्रेसर असेल तर तो ढकलतो, नसेल किंवा दमला असेल तर १५०-१६० वरच ‘प्रेशर नाही’ ऐकून निघावं लागतं. त्यामुळे ओळखीच्या पंपावर कॅस्केडची गाडी कधी येते ते विचारून ठेवा, आणि शक्य असेल तर पाईपलाईनवाला पंप धरा, सकाळी लवकर.

प्रश्न : आमच्या कारच्या डिकीत सीएनजीची टाकी आहे. सोसायटीत शेड नाही, मे महिन्यात गाडी दिवसभर उन्हात असते. सासरे म्हणतात टाकीवर ओलं पोतं टाकून ठेव नाहीतर फुटेल. टाकू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, सासऱ्यांची काळजी कळते पण पोतं अजिबात नको. टाकी स्टीलची असते आणि तिचा खरा शत्रू ऊन नाही, गंज आहे. पोत्याखाली ओल धरून राहिली की पट्ट्यांच्या आसपास गंज धरतो आणि तो दिसतही नाही.

उन्हाचं गणित असं की तीस डिग्रीला २०० बार असलेली टाकी साठ डिग्रीला गेली तर २३० च्या आसपास जाईल. टाकीची चाचणी ३०० बार किंवा त्याहून जास्त प्रेशरला झालेली असते, शिवाय वॉल्व्हवर सेफ्टी असते जी आगीत सापडल्यावर गॅस बाहेर सोडून देते म्हणजे टाकी फुटत नाही. दुर्घटना होतात त्या बहुतेक भलत्याच सिलिंडरच्या, कुठल्यातरी गॅरेजात स्वस्तात बसवलेल्या किंवा टेस्टची तारीख कधीच उलटून गेलेल्या. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाणी भरून प्रेशरची चाचणी, करायचीच, तारीख प्लेटवर असते, आजच डिकी उघडून बघा. आणि डिकीत टाकीच्या वॉल्व्हवरची पिशवी आणि त्यातून बाहेर जाणारे पाईप सामान कोंबताना दाबले जात नाहीत ना तेही बघा, गळलेला गॅस गाडीत न येता बाहेर जावा म्हणून ते असतात. गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं, लहान पोर झोपलं असेल तरी उचलून घ्यायचं.

प्रश्न : आमच्याकडे डिझेलचे ट्रक आहेत, आता एलएनजीचा घ्यायचा विचार चाललाय. पण ड्रायव्हर दिवाळीला गावी गेला की गाडी आठ-दहा दिवस उभी असते, तेवढ्यात गॅस उडून जातो असं ऐकलं. खरं का? आणि गळला तर वासावरून कळेल का?
— एक ट्रान्सपोर्टर, नागपूर

उत्तर : खरं आहे, आणि हा प्रश्न तुम्ही गाडी घेण्याआधी विचारलात हे फार बरं केलंत, कारण शोरूममध्ये मायलेजचा तक्ता दाखवतात, उभ्या गाडीचा कुणी दाखवत नाही.

एलएनजी म्हणजे मिथेनच, पण उणे १६२ डिग्रीपर्यंत गार करून पातळ, म्हणजे द्रव, केलेला. पातळ झाल्यावर ६०० पट कमी जागेत मावतो. दाभोळला आणि तिकडे गुजरातेत दहेजला जहाजातनं हाच माल उतरतो. ट्रकवाल्याला फायदा उघड आहे, २०० बारच्या सीएनजीपेक्षा साधारण अडीचपट इंधन तेवढ्याच जागेत बसतं, म्हणून एका टाकीत लांबचा पल्ला निघतो. डिझेलशी तुलना केली तर मात्र एक लिटर डिझेलच्या कामाला एक लिटर सहाशे-सातशे मिली एलएनजी लागतं, म्हणजे टाकी मोठीच लागणार.

पण गार केलेली वस्तू गार ठेवायला ट्रकवर कुठलंही मशीन नसतं, लोकांना वाटतं तिथे फ्रिजसारखं काहीतरी चालू असेल, तसं काही नाही. स्टीलची दुहेरी भिंत, मधे निर्वात पोकळी आणि चमकदार कागदासारख्या इन्सुलेशनचे थर, बस्स. तरी उष्णता थोडी थोडी झिरपतेच, आतलं थोडं उकळतं, त्याची वाफ वर साठते आणि प्रेशर चढतं. गाडी धावत असेल तर काही प्रॉब्लेम नाही, प्रेशर ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की सिस्टीम इंजिनाला आधी वरची वाफच पाजते, त्याने प्रेशरही उतरतं आणि वायाही जात नाही. गाडी उभी असली की वाफेला गिऱ्हाईक नाही. साधारण १६ बारला सेफ्टी वॉल्व्ह उघडतो आणि फुस्स करून गॅस हवेत. चांगल्या टाकीने पाच दिवस तरी वॉल्व्ह न उघडता काढावेत अशी अपेक्षा असते, तुमची दिवाळी त्याच्या पुढे जाते.

मग करायचं काय, तर मोठी सुट्टी येतेय दिसली की टाकी भरून उभी करायची नाही, शेवटची खेप मारून जवळजवळ रिकामी आणि प्रेशर उतरवलेली ठेवायची, आणि उभी करायची तीही उघड्यावर, पत्र्याच्या बंद शेडमध्ये कधीच नाही. जो गॅस उडतो तो निव्वळ पैसाच नाही, मिथेन हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीसपट गरमी धरतो, मग ‘ग्रीन ट्रक’ असं बाजूला रंगवून काय उपयोग. शिवाय फार दिवस उकळत राहिलेल्या टाकीत आधी मिथेन जातो आणि जड गॅस मागे उरतात, त्या उरलेल्या मालावर इंजिन ठोकायला लागू शकतं.

वासाचं उत्तर : नाही कळणार. सीएनजीला आणि घरच्या गॅसला जो घाण वास येतो तो मुद्दाम घातलेला असतो, तो पदार्थ एवढ्या गारठ्यात गोठून जातो म्हणून एलएनजीत घालताच येत नाही. त्यामुळे गाडीवर मिथेनचा सेन्सर असतो, तो ‘उगाच वाजतो’ म्हणून वायर काढणारा हेल्पर असेल तर त्याला आधी समज द्या. आणखी एक, टाकीच्या अंगावर रोज सकाळी पांढरं दव गोठलेलं दिसलं तर कौतुकाने फोटो काढू नका, निर्वात गेल्याची ती खूण आहे, गाडी सरळ सर्व्हिसला न्या. वॉल्व्हवर आणि भरायच्या नळीवर बर्फ दिसणं मात्र नॉर्मल. भरताना क्रायोजेनिक (कडक गारठ्यासाठीचे खास) ग्लोव्हज आणि तोंडावर शील्ड हवीच, उघड्या हाताने धातूला हात लागला तर कातडी चिकटते.

नागपूरला २०२१ मध्ये देशातला पहिला खासगी एलएनजी पंप सुरू झाला आणि २०२२ पासून चाकणला एलएनजीचे ट्रक बनायला लागले, म्हणजे सोय वाढतेय. माझं मत विचाराल तर ज्या गाडीला ठरलेल्या रूटवर रोजचं काम आहे तिलाच एलएनजी घ्या. सीझनला धावणारी आणि एरवी झाडाखाली उभी राहणारी गाडी डिझेलवरच राहू दे.

प्रश्न : सर, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इस्रोला लिक्विड हायड्रोजन जमतो तर कारमध्ये का नाही वापरत? गॅस ७०० बारला दाबण्यापेक्षा ते बरं ना?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : प्रश्न बरोबर विचारलायस. आकडे आधी बघ. हायड्रोजन ३५० बारला दाबला तर लिटरमागे साधारण २४ ग्रॅम, ७०० बारला ४० ग्रॅम, पातळ केला तर ७१ ग्रॅम. कागदावर पातळच जिंकतो. पण तो पातळ होतो उणे २५३ डिग्रीला, आणि एवढं गार करायला त्या हायड्रोजनमधल्याच ऊर्जेच्या साधारण एक तृतीयांश ऊर्जा खर्च होते.

त्यात आणखी एक खोड आहे जी कॉलेजात बहुतेक शिकवत नाहीत. हायड्रोजनचे रेणू दोन प्रकारचे, ऑर्थो आणि पॅरा. नेहमीच्या तापमानाला पंचाहत्तर टक्के ऑर्थो असतात, उणे २५३ ला जवळजवळ सगळे पॅरा व्हायला बघतात आणि होताना उष्णता सोडतात. ही उष्णता द्रव हायड्रोजनची वाफ करायला लागते त्याहून जास्त आहे! म्हणजे घाईघाईत पातळ करून टाकीत ठेवलास तर टाकी बाहेरून कितीही झाक, माल आतल्या आत स्वतःच्याच उष्णतेने उकळणार. म्हणून गार करतानाच कॅटॅलिस्टवरून (हा बदल लवकर घडवणाऱ्या पदार्थावरून) नेऊन आधी पॅरा करून घ्यावा लागतो. आणि इन्सुलेशन नसलेल्या पाईपवर भोवतालची हवाच पातळ होऊन ठिबकते, त्या थेंबांत ऑक्सिजन जास्त असतो, खाली डांबर किंवा ग्रीस असेल तर कल्पना कर.

इस्रोचं वेगळं आहे. जानेवारी २०१४ मध्ये जीएसएलव्ही-डी५ हे रॉकेट आपल्या क्रायोजेनिक, म्हणजे अतिगार द्रव इंधनाच्या, इंजिनवर यशस्वी झालं, ते इंजिन चालतं बारा मिनिटं. रॉकेटमध्ये हायड्रोजन उड्डाणाच्या दिवशी भरतात, उडेल तेवढा वरून घालत राहतात, गारवा काही तास टिकला की काम झालं. कार चोवीस तासांतले तेवीस तास पार्किंगमध्ये असते. बीएमडब्ल्यूने २००६-०७ च्या सुमाराला हायड्रोजन ७ नावाच्या शंभर गाड्या बनवल्या होत्या, आठेक किलो द्रव हायड्रोजन मावायचा, पण गाडी साधारण सतरा तास उभी राहिली की वाफ बाहेर पडायला सुरुवात, अर्धी टाकी आठ-दहा दिवसांत साफ. लोकांना परवडलंच नसतं.

अवजड गाड्यांत मात्र हा विषय पुन्हा उघडलाय. सप्टेंबर २०२३ मध्ये डाइमलर या जर्मन कंपनीच्या ट्रकने एका भरण्यात, ८० किलो द्रव हायड्रोजनवर, १०४७ किलोमीटर काढले. नागपूरकरांना जे वर सांगितलं तेच इथेही, रोज धावणार असेल तर. तुला प्रोजेक्ट करायचं असेल तर टाकीच्या सपोर्टमधून किती उष्णता आत जाते याचं गणित घे, छोटं आहे आणि लॅबमध्ये लिक्विड नायट्रोजन वापरून तपासताही येईल.

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात हायड्रोजन कार चालवतो. भरल्यावर नोझल गाडीला चिकटून बसतो, निघतच नाही, मागची लाईन हॉर्न मारते. गॅस ‘दाबलेला’ आहे तर बर्फ कुठून येतो?
— एक वाचक, अर्व्हाइन

उत्तर : पंपच गॅस उणे ४० पर्यंत गार करून देतो म्हणून. ७०० बारला तीन-चार मिनिटांत भरायचं तर टाकीत उष्णता जबरदस्त तयार होते, आणि कार्बन फायबरच्या टाकीला आत प्लास्टिकचं अस्तर असतं, तिला ८५ डिग्रीच्या वर जाऊ द्यायचं नसतं. त्यात हायड्रोजनचा स्वभाव उलटा, बाकीचे बहुतेक गॅस प्रेशर सोडल्यावर गार होतात, हा नेहमीच्या तापमानाला थोडा गरमच होतो. म्हणून आधीच गार करून घालायचा. गाडी भरताना आतलं तापमान आणि प्रेशर इन्फ्रारेडने पंपाला कळवत असते, तो त्याप्रमाणे वेग ठरवतो. तुमच्या पुढे दोन-तीन गाड्या लागोपाठ भरल्या असतील तर नोझल आधीच गारठलेला असतो, हवेतली वाफ त्यावर गोठते आणि तो धरून बसतो. ओढू नका, पिळू नका, सील जातं. मिनिट-दोन मिनिटं थांबा, सुटतो. हॉर्न मारणाऱ्यांचाही थोड्या वेळाने तसाच अडकणार आहे.

प्रश्न : व्हॅनला एलपीजी किट आहे. टाकी कधीच फुल होत नाही, पंपावर आधीच बंद पडते. सेटिंग करून पूर्ण भरता येईल का? आणि एलपीजी गार करावा लागतो का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गार करावा लागत नाही, प्रोपेन-ब्युटेन थोडक्या प्रेशरला नेहमीच्या तापमानातच पातळ होतात, हेच त्याचं सुख. सेटिंग मात्र चुकूनही नको. ८० टक्क्यांवर बंद करणारा वॉल्व्ह मुद्दाम लावलेला असतो, कारण द्रव उन्हात फुगतो आणि वर जागा नसेल तर प्रेशर हां हां म्हणता वाढतं. असं सेटिंग करून देतो म्हणणारा मिस्त्री भेटला तर बाकीचं कामही त्याच्याकडे देऊ नका. आणि एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो, त्यामुळे व्हॅन तळघरातल्या पार्किंगमध्ये लावत असाल तर जागा बदला.